पोपटाच्या मुठीची छत्री

जुलेखाबद्दल कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, की ती आमच्या वर्गात होती. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. आज मात्र सांगून टाकते.

एकोणीसशे बत्तीस साली नाशकातल्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी चौथीत होतो. तिची आई जैतुनबी मणियारीण, डोक्यावर टोपली घेऊन घरोघर बायकांना बांगड्या भरायची. माझे वडील ढुंढिराजभट गोदेच्या घाटावर दहाव्या-बाराव्याची कामं करायचे. मेलेल्यांचे भटजी म्हणून लग्नामुंजीला आम्हाला कुणी बोलवत नसे, आणि गावातला कासारसुद्धा आमच्या ओट्यावर टोपली टेकवत नसे. जैतुनबी तेवढी यायची, आणि तिच्या मागे जुलेखा. काचेनं कापलेली तिची बोटं, घोगरा आवाज, आणि हिशेबात अख्ख्या वर्गाला मागे टाकणारं डोकं. वर्गात मी एका कोपऱ्यात बसायची, ती दुसऱ्या. एक दिवस ती आपलं बसकर उचलून सरळ माझ्या शेजारी आली.

मी वर्गात शिरले की वकिलांची सुधा ‘काव काव’ करायची आणि सगळ्या मुली तिची री ओढायच्या. मी रडायची. रडण्यात मी भलतीच तरबेज होते. जुलेखा रडणाऱ्यांतली नव्हती. ती एकदा उठली आणि सुधाच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली.

“आत्ता कावळ्याला हाक मारतेस, मार. तुमच्या घरी दहावा असेल ना, तेव्हा तो यायचा नाही. मग हिच्याच बापाच्या पाया पडशील.”

दुसऱ्या दिवसापासून काव काव बंद. मला जन्मात पहिल्यांदा शाळा आवडली.

ज्येष्ठात सुधाचे आजोबा वारले. दहाव्याला कावळा खरंच दोन तास पिंडाला शिवला नाही. शेवटी वडिलांनी दर्भाचा कावळा करून शिववला. सुधा घाटावर नव्हती, पण घरी ते तिच्या कानावर गेलंच. ती नुसती जुलेखाकडे बघत राहायची.

बाराव्यानंतर रीतीप्रमाणे आजोबांची गादी, वहाणा आणि छत्री दानात आमच्या घरी आली. छत्रीच्या मुठीवर लाकडी पोपट होता, त्याची चोच मोडलेली. असल्या वस्तू गावात वापरायच्या नाहीत हा आमच्या घरचा दंडक होता. यजमानाला आपल्या गेलेल्या माणसाची वस्तू पुन्हा डोळ्यांसमोर दिसता कामा नये. म्हणून वडील त्या माळ्यावर खिळ्याला टांगत आणि पुंजाराम गाडीवानाबरोबर सायखेड्याच्या बाजाराला धाडत.

श्रावणात जुलेखा पोत्याची खोळ घेऊन शाळेत यायची. ओल्या तागाचा वास यायचा, मुली नाकं मुरडायच्या. मी विचार केला, जुलेखा काही आमची यजमान नाही, तिच्या मोहल्ल्यात ही छत्री कोण ओळखणार? शाळेत सुधा बसते हे माझ्या डोक्यात आलंच नाही. एवढी मी शहाणी! मी माळ्यावरून छत्री काढली आणि जुलेखाला दिली.

पोपटाच्या मोडक्या चोचीवर बोट फिरवत तिनं विचारलं, “घरी विचारलंस?”

“हो,” मी थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सुधानं पोपट ओळखला. “आमच्या आजोबांची छत्री! चोरटी!” म्हणून ती किंचाळली. आमच्या मालनबाई मास्तरणींनी शिपायाला वकिलांकडे पिटाळलं. निरोप आला, छत्री तर भटजींना दान दिली होती. मग बाईंनी मला उभं केलं.

“श्यामला, तुमच्या घरची छत्री हिच्याकडे कशी? तू दिलीस?”

‘हो’ म्हटलं असतं, तर दानाची छत्री मुसलमानाच्या घरी गेली म्हणून गावभर बोभाटा झाला असता. वडिलांना घाटावर कुणी उभं केलं नसतं. पण हे सगळं मला मागाहून सुचलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फक्त पुन्हा सुरू होणारं काव काव ऐकू येत होतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

जुलेखा माझ्याकडे बघत होती. मी पाटीकडे बघत होते.

“ह्यांच्या ओट्यावर होती,” ती बाईंना म्हणाली. “मी उचलली.”

बाईंनी तिच्या कापलेल्या हातांवर छड्या मारल्या आणि त्याच दिवशी शाळेतून तिचं नाव काढलं. संध्याकाळी वडिलांना सगळं कळलं. माळ्यावरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघून ते हळूच म्हणाले, “बरं केलंस, गप्प राहिलीस.” त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

चोरटीच्या आईकडून बांगड्या भरायला गावात कुणी तयार होईना. जैतुनबी उन्हातान्हात पार चांदवडपर्यंत बाजार करू लागली आणि दोन वर्षांत तापानं गेली. चौदाव्या वर्षी टोपली जुलेखाच्या डोक्यावर आली. सुधाला मागे टाकणारं ते डोकं!

सदतीस साली वैशाखात माझं लग्न ठरलं. नवरीचा पहिला चुडा भरायला कासार आमच्याकडे येईना, तेव्हा आईनं जुलेखाला निरोप धाडला. ती आली. इगतपुरीहून आलेली माझ्या सासरची माणसं भोवती बसली होती. तिनं माझा हात हातात घेऊन दाबला.

“हात सैल सोड,” ती म्हणाली. “ताठ धरलास की काच लागेल.”

मी हात सैल सोडला. तिनं दोन्ही हात भरले, एकही बांगडी पिचली नाही.

आईनं तिच्या ओटीत तांदूळ घातल्यावर ती टोपली उचलून निघाली. बाहेर ऊन रखरखत होतं. माझ्या आजेसासूबाई कुसाबाई कळवळल्या, “अगं, एवढ्या उन्हात? श्यामला, छत्री दे गं तिला एखादी.”

जुलेखानं वळून माझ्याकडे पाहिलं.

“नको आजी,” ती म्हणाली. “ह्यांच्याकडून मागे एक उचलली होती, तेवढी पुरली मला.”

आई आत निघून गेली. बायकांना ती थट्टाच वाटली, त्या हसल्या. मीही हसले.