नाकासमोर जाणारी चकती

पॉलिशवाल्याला आयुष्यात कधी खोटं बोलता आलं नाही. फरशी आरशासारखी करून दिल्यावर घरमालकाने सहज म्हणून विचारलं, "कुठे राहिलं नाही ना हो?" की हा पठ्ठ्या स्वतःच गुडघ्यांवर बसून दाराआडचा राहिलेला कोपरा दाखवायचा. बरोबरचे कारागीर कपाळावर हात मारून घेत. बायको मात्र हे किस्से ऐकून खूश व्हायची. ती शाळेत खेळ शिकवायची, त्यामुळे सगळे तिला 'खेळाच्या बाई' म्हणत. "नाकासमोर चालणारा नवरा आणि नाकासमोर जाणारी चकती," ती म्हणायची, "आणखी काय हवं मला?"

चकती म्हणजे डिस्क गोल्फची. मैदानात लांब लांब खांब, प्रत्येक खांबाला साखळ्या लावलेली टोपली आणि कमीत कमी फेकींत चकती त्या टोपलीत टाकायची, एवढाच खेळ. पण चकत्यांचे नखरे फार. काही सुसाट पळतात आणि ऐन वेळी झुडपात तोंड खुपसतात. काही टोपलीजवळ गेल्याशिवाय कामाच्याच नाहीत. बाईंची लाडकी होती ती मधल्या पल्ल्याची, फेअरवे ड्रायव्हर, नारिंगी रंगाची. लांब जायची तिला हौस नव्हती, पण सांगाल तिथे जायची. खेळणारे अशीला स्टेबल म्हणतात. सपाट सोडली की सरळ जाते आणि दम संपता संपता जराशी डावीकडे झुकून गपचूप बसते. अट एकच, सोडणाऱ्या हातात तेवढा जोर हवा. जोर कमी पडला की तीच चकती निम्म्या वाटेतच डावीकडे वळते.

बाईंच्या हाताचे स्नायू झिजत चाललेत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा पुढे काय आणि किती वेगाने, हे त्यांनाही सांगता येईना. काहींचं वर्षानुवर्षं आहे तिथेच थांबतं, म्हणाले. बाईंनी तेवढंच घट्ट धरून ठेवलं. "ही सरळ जातेय तोवर हात शाबूत," त्यांनी ठरवून टाकलं आणि नवऱ्याला बजावलं, "वळायला लागली आणि मी डोळेझाक करायला लागले, तर तुम्ही सांगायचं. तुम्हाला खोटं जमत नाही, म्हणून तुमच्यावर सोपवतेय."

पुढे एका रविवारी चकती वळली. "वारा आहे," बाई म्हणाल्या. झाडाचं पानही हलत नव्हतं. पुन्हा टाकली, पुन्हा वळली. घरी आल्यावर त्या पलंगाच्या कडेवर उजवा हात मांडीवर ठेवून बसल्या, जेवल्याही नाहीत. सांगायची वेळ हीच होती, हे पॉलिशवाल्याला कळत होतं. पण त्याची जीभच उचलेना.

दुसऱ्या दिवशी त्याने तशीच नारिंगी चकती विकत आणली. जुनी, झिजलेली चकती हलक्या हातालाही सरळ जाते, हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं. आणि झिजवणं तर त्याचं पोटापाण्याचं काम. एका रिकाम्या घरात फरशी वाळत होती, तेवढ्या वेळात खिडकीशी बसून त्याने चकतीची कड पॉलिश पेपरने पाण्यात घासली, आधी जाड, मग बारीक. जुन्या चकतीवरचे ओरखडे जिथल्या तिथे काढले. हरवली तर कुणाची ते कळावं म्हणून चकतीच्या मागच्या बाजूला बाईंनी फोन नंबर लिहिलेला असायचा. त्यातला पोट फुगलेला पाच जमेपर्यंत त्याला घाम फुटला. मग त्याने चकती बदलून ठेवली.

रविवारी ती सरळ गेली. बाई इतक्या हसल्या की त्याला क्षणभर आपण पुण्यकर्म केल्यासारखं वाटलं.

मग ते थांबवता येईना. हात आणखी उतरला की चकती पुन्हा वळायला लागे आणि हा आणखी घासलेली नवी आणून ठेवी. पल्ला कमी होत होता, तो बाई वयावर ढकलायच्या. एकदा त्या बहिणीशी फोनवर बोलताना त्याने ऐकलं. "थांबलंय गं ताई. खरंच थांबलंय." तो मोरीवर भांडी घासत होता. तो नळ वाहता सोडून तसाच उभा राहिला.

परवाच्या रविवारी मैदानावर खेळायला पोस्टमन आला. नवा गडी, पण दंड असे की फेकली की चकती दिसेनाशी व्हायची. पॉलिशवाला गाडीतून पाणी आणायला गेला होता. तेवढ्यात बाईंनी कौतुकाने आपली चकती पोस्टमनच्या हातात दिली. "टाकून बघा. कितीही जोर लावा, नाकासमोर जाईल."

"तुमची लाडकी ना वहिनी? मग जपून टाकतो," म्हणाला खरा, पण त्याने सपाट, सगळ्या ताकदीनिशी सोडली. चकती थोडी सरळ गेली, उलटी कलली आणि उजवीकडे वळून थेट तळ्यात पडली.

"माझंच चुकलं वहिनी," म्हणत पोस्टमन पँट वर करून पाण्यात उतरला. बाईंनी तळ्याकडे पाहिलंही नाही. जोर लावल्यावर उजवीकडे पालटते ती फक्त झिजून गेलेली चकती, हे त्यांनी किती जणांना शिकवलं होतं. आणि एवढी झीज नुसत्या खेळण्याने होत नाही, त्याला घासणारा हात लागतो. पाण्याची बाटली घेऊन नवरा येत होता. तो जवळ येईपर्यंत त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"ही कितवी?"

त्याला सरळ विचारलं की खोटं बोलता येत नसे.

"चौथी."

बाई बाकावर बसल्या. म्हणाल्या, "तुम्हाला माझी दया आली, ते कळतंय मला. पण हात माझा होता ना हो? मला विचारायचं तरी. मी येड्यासारखी आनंदात होते."

त्याने पाण्याची बाटली त्यांच्याशेजारी बाकावर ठेवली.

गाडीत बसल्यावर एरवी बाई सीटबेल्टच्या पट्ट्याशी झटापट करायच्या आणि तो मुद्दाम आरशात बघत बसायचा. त्या दिवशी त्यांनी पट्ट्याला हात लावला नाही.

"लावा," त्या म्हणाल्या.

त्याने वाकून पट्टा लावला. त्याचे डोळे वाहत होते आणि बाईंनी ते पुसले नाहीत.

"घरी गेल्यावर ताईला फोन लावून द्या," त्या म्हणाल्या. "आकडे दाबायला मला हल्ली वेळ लागतो."