गाडी गेली का?

‘हो’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांना हात न लावता माणूस अख्खे आयुष्य काढू शकतो, हे माझ्या पहिल्या साहेबांनी सिद्ध करून दाखवले होते. आणि अशा माणसाने धंदा कसला करावा? तर सल्ला देण्याचा! पंचवार्षिक योजनांचा तो काळ. जो तो काहीतरी उभारायला निघालेला. तेव्हा ते कसे उभारावे हे सांगणारा कोणीतरी हवाच, असे म्हणून साहेबांनी पुण्याचे बिऱ्हाड हलवले आणि थेट पौडात कचेरी थाटली. एस.टी. स्टँडासमोर, तात्या नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून एक खोली. दारावर पाटी : ‘सर्व उद्योगधंद्यांस शास्त्रशुद्ध सल्ला मिळेल.’ मी नुकताच बी.ए. झालेला. मुलगा साहेब झाला, असे आईने साऱ्या आळीत सांगून टाकल्यामुळे दुसरी कायमची नोकरी मिळेपर्यंत मला हलायची सोय नव्हती. हुद्दा उपमुख्य सल्लागार. कचेरीत मुख्य आणि उपमुख्य असे आम्ही दोघेच आणि खुर्ची एकच, त्यामुळे गिऱ्हाईक आले की मी उभ्याने उपमुख्य असे.

दर सोमवारी सभा भरे. ठराव मी मांडायचा, साहेबांनी त्याला अनुमोदन द्यायचे आणि मतदानाच्या वेळी त्यांनीच तटस्थ राहायचे. खिडकीला कडी बसवावी, हा ठराव मी तिथे होतो तोवर तरी विचाराधीनच होता. तात्यांची म्हैस त्या उघड्या खिडकीतून तोंड आत घालून सभेला हजर राही. एकदा मी गंमत म्हणून विचारले, हिला गणसंख्येत धरायचे का? साहेब गंभीर झाले आणि प्रश्न पुढच्या सोमवारवर ढकलला गेला.

भरे गावच्या एका शेतकऱ्याला भाताची गिरणी घालायची होती. आम्ही पाहणीला गेलो. साहेबांनी ओले बोट वर धरून वारा पाहिला, माती चोळून पाहिली, बिचाऱ्याच्या घरी आडवा हात मारून जेवण केले. निघताना तो हात जोडून म्हणाला, “साह्येब, गिरन घालू का नगं, येवढंच सांगा.” साहेबांनी टोपी सारखी केली. “घालण्याच्या बाजूनं पुष्कळ बोलता येईल,” ते म्हणाले, “आणि न घालण्याच्या बाजूनंही काही कमी नाही.” पुढे त्यांनी दोन भागांत अहवाल लिहिला, दुसऱ्या भागात पहिला खोडून काढला होता. तो घेऊन आम्ही गेलो तोवर त्या शेतकऱ्याच्या चुलतभावाने गिरणी घातलीसुद्धा होती आणि तिच्या धडधडीत साहेबांचे म्हणणे कोणालाच ऐकू आले नाही.

खरी वर्दळ होती ती गाडीची चौकशी करणाऱ्यांची. स्टँडावरचा माणूस सदा चहाला गेलेला, म्हणून लोक आमच्या पाटीकडे बघून आत शिरत. एकदा करवंदांची टोपली घेतलेली एक म्हातारी आली. पुन्याची गाडी गेली का, एवढेच तिला हवे होते. साहेबांनी तिला बसवून घेतले आणि वेळापत्रक व गाडी या दोन स्वतंत्र गोष्टी कशा आहेत ते सांगू लागले. सांगता सांगता तिच्या पाठीमागून गाडी धुरळा उडवीत निघून गेली. म्हातारीने वळून पाहिले आणि शांतपणे म्हणाली, “गेली. आता मला बी कळलं.” तेव्हापासून तात्या दारातूनच लोकांना सांगत, की त्ये लई शिकल्यालं हायेत, त्यांना नगा इचारू, म्हशीला इचारा.

मी हसत असे, पण चार लोकांत मला ‘आमचे सल्लागार’ म्हणणारे साहेब एकटेच होते. डब्यातला लाडू दोघांत कसा वाटायचा, यावर आमच्या कचेरीत कधीच चर्चा झाली नाही. मोठा तुकडा आधीच माझ्या हातावर असे.

आणि एके दिवशी पुण्याच्या सरकारी कचेरीतून मला बोलावणे आले. कायमची नोकरी! पण कागद टपालात रखडलेला. उद्या सकाळी हजर व्हायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला. समोर स्टँडात त्या दिवसाची शेवटची गाडी उभी. मी पिशवी भरली खरी, पण पाय निघेना. मी गेल्यावर या माणसापुढे ठराव मांडणारा तरी कोण? “साहेब, जाऊ का?” मी विचारले, आणि माझे मलाच कळले की आपण भलत्याच माणसाला विचारले. आता दोन्ही बाजू निघणार आणि गाडी जाणार.

साहेबांनी चष्मा काढला. “धाकट्या भावाला एकदा ठाम सांगितलं होतं, छापखाना काढ म्हणून,” ते म्हणाले. “बुडाला. अजून बोलत नाही माझ्याशी.”

बाहेर कंडक्टरने घंटी मारली. साहेबांनी माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

“जा. इथं काही व्हायचं नाही. पळा, गाडी सुटतेय.”

मी पळालो. मागच्या काचेतून पाहिले तर गाठोडे घेतलेला एक माणूस धावतपळत कचेरीच्या दारात आला होता आणि साहेबांना काहीतरी विचारीत होता. काय विचारीत असणार ते मला माहीत होते. साहेबांनी त्याला बसवले नाही, काही समजावले नाही. नुसती मान हलवली, हो म्हणून. मला रडू आले. तो माणूस गेला तरी साहेब, आत खुर्ची मोकळी असून, दारातच उभे होते.