कन्सेंटच्या पानातला तांबडा धागा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही हसत म्हणालात, "आजी, ते सगळं कोण वाचतं? खाली 'मान्य' दाबायचं." तेव्हापासून मोहाडीचे आमचे शेजारी आठवत आहेत. ते विणकर होते. त्यांनी तुमचा फोन आधी उजेडात धरला असता.

कोणताही कागद ते तसाच धरत, लुगड्याची वीण तपासावी तसा. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. इंग्रजी कागद आला की ते माझ्याकडे येत आणि शब्दावर बोट ठेवून, सोयरीक जुळवायला बसल्यासारखे विचारत, "बाई, याचं मूळ गाव कोणतं?"

मी शब्दकोश उघडून सांगे. त्यावरही विश्वास नाहीच. पानात तांबड्या सुताचा तुकडा ठेवून म्हणत, "उद्या पुन्हा इचारतो. हेच सांगाल त खरं."

आणीबाणी नुकतीच संपली होती. सक्तीच्या नसबंदीमुळे ऑपरेशन म्हटलं की माणसं दचकत. अशात त्यांच्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नवऱ्याची सही मागितली. शेजारी फॉर्म घेऊन थेट माझ्या दारात.

मी चिडले. "ती तिकडे कण्हतेय आणि तुम्ही शब्द तपासताय?"

"मंग कवा तपासू? कापड कापल्यावर?"

शब्द होता कन्सेंट. "म्हणजे संमती," मी सांगितलं. "मूळ लॅटिन. सोबत आणि वाटणं, असे दोन तुकडे. दोघांना एकच वाटणं."

सवयीनं त्यांनी शब्दकोशाच्या पानात धागा ठेवला. मग थबकले. "तिचं पोट, अन् सही माही? तिले काहून नाही इचारलं कोणी?"

"तुम्ही विचारलंत?"

त्यांनी फॉर्म उचलून चपला घातल्या.

मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. खाटेशी वाकून ते म्हणाले, "डॉक्टर कापतो म्हणते. तुले काय वाटते?"

"दोन दिवसांपासून सांगून राहिली, करा म्हणून," ती कण्हत म्हणाली. "तुमी कागदच पाहून राहिले!"

त्यांनी सही केली आणि सहीशेजारी तिचा अंगठा घ्यायला लावला. "इथं जागा नाही," डॉक्टर म्हणाले. "मंग करा जागा," ते म्हणाले.

ती वाचली, त्यांच्यानंतरही बरीच वर्षं जगली. पुढेही ते कागद उजेडात धरत राहिले, माझ्यावर संशय घेत राहिले. तो एक शब्द मात्र त्यांनी पुन्हा विचारला नाही.

आता दोघंही नाहीत. तांबडा धागा त्या पानात आहे.