आप्पांचा बदली

१२ जून. रविवार म्हणून आप्पांचं कपाट आवरायला घेतलं. सदऱ्यांमागे स्टीलचा डबा निघाला. आत रुमालात गुंडाळलेला त्यांचा पेसमेकर... महिन्यापूर्वी मीच ठेवलेला.

आप्पा, माझे वडील, गेले तेव्हा हॉस्पिटलातच तो काढावा लागला. चितेत त्याची बॅटरी फुटते. तिथल्या समाजसेविका म्हणाल्या, "आम्हाला द्याल? एखाद्या गरिबाला बसवू." मला शंका आली. बाहेर विकला तर? मी तो घेऊन लालबागला परत आले.

संशय घरचाच. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून आप्पांनी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी ते चाळीच्या जिन्यात चक्कर येऊन पडू लागले. शेजाऱ्यांना वाटलं, पितात. डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं : हृदयाला चार कप्पे. वरच्या उजव्या कप्प्यातून विजेचा इशारा सुटतो, मधल्या गाठीपाशी क्षणभर थांबतो आणि मग खालच्या दोन कप्प्यांत उतरतो. आप्पांचा इशारा त्या गाठीपाशीच अडत होता. खालचे कप्पे आपल्या मनाने, फार हळू चालत होते.

"मग ह्या यंत्र काय करतला?"

"गाठीच्या ऐवजी खाली इशारा देणार, काका."

"म्हणजे बदली कामगार!" आप्पा स्वतः कित्येक वर्षं बदली होते. कुणी गैरहजर असला तरच गेटातून आत. "नवीन हा, की कोणाचा काढलेला?"

"एका गेलेल्या माणसाचं. पण तपासून, शुद्ध करून घेतलंय. म्हणून तर फुकट."

झालं. यंत्र बसलं आणि तो माणूस कोण, हा घोर लागला. एकदा आप्पांनी वरणात गूळ मागितला आणि स्वतःच दचकले. "शालू, गुजराती असतलो गो!"

"आप्पा, बॅटरीला जीभ नसते."

"तुका काय ठावक!"

पण रोज सकाळी दोन बोटं मनगटावर ठेवून त्याला विचारायचे, "इलस मा रे कामाक?" ठोका लागला, म्हणजे बदली कामावर हजर; मगच चहा.

डबा परत कपाटात ठेवत होते... हात थांबला. काम असताना बदलीला घरी बसवलेलं आप्पांना खपलं नसतं.

१३ जून. सकाळी परळला त्या हॉस्पिटलात गेले. समाजसेविकांना विचारलं, पेशंटकडून पैसे घेणार? बसवताना मी हजर राहू? "पैसे नाही घेणार. आणि तुम्हाला हजर नाही राहता येणार," त्या म्हणाल्या. पुरता विश्वास बसला असं नाही. तरी डबा पुढे केला.

"डबा रिकामा करून परत द्या," म्हटलं. "आणि ज्याला बसवाल त्याला सांगून ठेवा, बांगड्याचं तिखलं खावंसं वाटलं तर घाबरू नकोस."