बाईंच्या बागेतली बैठक

आमचे हे दगड रचतात. सिमेंट नाही, चुना नाही. दगडावर दगड असा बसवायचा की आपल्याच वजनाने तो जागचा हलू नये. लोकांच्या बागांमधल्या पायऱ्या, वाफ्यांचे काठ, बसायच्या बैठका त्यांच्या हातच्या आहेत. गल्लीत त्यांना दगडोबा म्हणतात आणि ते मुकाट्याने ओ देतात.

बोलणं त्यांना जमत नाही. दगडांशी मात्र बोलतात. "इकडे वळ जरा, हां, आता बस," असं इतक्या मायेने म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं घरी पाहुणा आलाय. इतक्या वर्षांत मला कुणी असं बसवलेलं नाही. मी बुटकी. घरातल्या एकाही खुर्चीवर माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. एक बुटकं स्टूल करून द्या म्हणून मी कितीदा मागे लागले, तर यांनी पायाखाली सरकवायला एक लाकडी खोकं आणून दिलं आणि विषय संपवला.

त्यात ती बाग आली. मालकीणबाई एकट्या राहतात, तब्येतीने तरतरीत, ताडमाड उंच. बागेच्या कोपऱ्यात अर्धगोल बैठक हवी होती त्यांना. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बाईंच्या पिंपळाएवढ्या झाडाची सावली कुठे पडते, बाई चहा कुठल्या कपात देतात, बाईंनी दगडांचा रंग कसा बरोबर ओळखला. जेवताना ताटात बोटाने अर्धगोल काढायचे. भाजीत मीठ नव्हतं, तेही कळलं नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. उघडच सांगते, त्या बाईंपेक्षा मला त्या दगडांचाच जास्त हेवा वाटायचा.

एके दिवशी हे चष्मा विसरून गेले. निमित्तच हवं होतं. चष्मा घेऊन मी थेट बागेत.

बैठक पुरी झाली होती. फटींत दगडाच्या चिपा ठोकून घट्ट केलेली, पाठीला कललेली, वरच्या लाद्या सपाट. इतकी देखणी की माझ्या पोटात दुखलं. बाई मध्यंतरी गावाला गेल्या होत्या, त्या कालच परतल्या होत्या. त्या बसून दाखवत होत्या आणि त्यांचे गुडघे पार हनुवटीपर्यंत आले होते. बैठक फारच बुटकी झालीय, असं त्या हसत हसत सांगत होत्या. हे खाली मान घालून उभे.

मला बरं वाटलं. बाई उठल्यावर मी मुद्दाम जाऊन बसले, आणखी चार खोडी काढाव्यात म्हणून.

माझे दोन्ही पाय जमिनीला टेकले. टाचांसकट.

मी यांच्याकडे बघितलं. हे मी दिलेला चष्मा पुसत राहिले.

"माप कुणाचं धरलंत?" मी विचारलं.

एरवी ज्याची बैठक त्याला दगडांच्या ढिगावर बसवून हे गुडघ्याचं माप घेतात. या वेळी बाई नव्हत्या, म्हणून अंदाजाने केलं, असं काहीसं पुटपुटले. मग म्हणाले, "बसणारी म्हटलं की हात तिथेच थांबतो."

बाईंच्या लक्षात आलं असावं. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "मग राहू द्या अशीच. मला आवडेल."

त्यांना आवडेल. रोज संध्याकाळी कप घेऊन माझ्या मापावर त्या बसणार, आणि मी घरी खोक्यावर पाय ठेवून.

"नको," मी म्हणाले. "त्यांच्या मापाची करून द्या. एक थर चढवा. माझं माप दुसरीच्या बागेत कशाला?"

यांनी चष्मा चढवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि लाद्या काढायला पहार उचलली. "मग ऊठ," म्हणाले.

"उठेन सावकाश," मी म्हणाले, आणि पाय आणखी घट्ट रोवले.