मिसळणाच्या डब्यातला जास्तीचा स्क्रू

शनिवारी कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर स्वतः बदलला. हसू नका... खरंच बदलला.

इलाजच नव्हता. रविवारी वाघोलीहून बहिणीला बाळंतपणासाठी घरी आणायचं होतं, नेमका तेव्हाच एसी गेला आणि गॅरेजवाला पुढच्या आठवड्याशिवाय हात लावायला तयार नव्हता. मुग्धाला आठवा महिना... त्यात उन्हाने तिला चक्कर येते. मे महिन्यात तिला तसंच आणणं शक्यच नव्हतं.

ओळखीच्या मेकॅनिकने सकाळी येऊन जुना गॅस काढून घेतला, संध्याकाळी नवा भरायला येतो म्हणाला. मधलं सगळं माझ्यावर. बोल्ट हरवू नयेत म्हणून आईने माळ्यावरचा जुना मिसळणाचा डबा दिला. मोहरीच्या वाटीत कॉम्प्रेसरचे, जिऱ्याच्या वाटीत पाइपचे... अशी चोख व्यवस्था.

घामाघूम झालो, कोपर सोलवटलं, पण कॉम्प्रेसर बसला. गॅस भरल्यावर गाडीत असा काही गारवा सुटला की मी आत बसून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

मग डबा आवरायला घेतला. वाट्या उचलल्या... आणि तळाशी एक स्क्रू!

म्हणजे हा वाटीतून निसटला आणि कुठेतरी बसवायचा राहिला. उद्या भर नगर रस्त्यावर काहीतरी सुटलं तर मुग्धाला घेऊन उन्हात कुठे उभा राहू? पुन्हा गाडीखाली शिरलो, टॉर्च मारून एकेक जागा चाचपली. सगळं जागच्या जागी... तरी हातात स्क्रू होताच ना!

तेवढ्यात आई चहा घेऊन खाली आली. आधी माझा चेहरा पाहिला, मग स्क्रू.

"अरे, हा माझ्या कुकरच्या हँडलचा! मीच टाकला असणार डब्यात. किती शोधला... इतके दिवस फडक्याने धरून कुकर उतरवतेय मी."

मी तिथेच फरशीवर फतकल मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

रविवारी मुग्धाच्या सासरच्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्यामुळे निघायला भर दुपार झाली. बाहेर नुसती आग... थोडं पुढे आल्यावर मागून आवाज आला, "दादा, एसी जरा कमी कर ना. थंडी वाजतेय."

इतकी गोड तक्रार मी आजवर ऐकली नव्हती. एसी कमी केला... आणि मनातल्या मनात पुन्हा एकदा स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.