बाबांचं नाव खोडलं तेव्हा

डांबरगोळ्यांचा वास आला की मे महिन्यातला तो रविवार आठवतो. हजर: बाबा, आई आणि मी. लग्न होऊन स्कॉटलंडमधल्या समुद्रकाठच्या एका छोट्या गावी राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे आम्ही गणपतीला पहिल्यांदाच जाणार होतो. हमरापूरच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यातली मूर्ती बोटीनं पुढे गेली होती, पण डोळे बाबांनीच तिथे येऊन आखायचे, हा बहिणीचा हट्ट होता. पेटीतले स्वेटर उन्हात टाकून मी यादी करत होते: वर जाणाऱ्या तिघांची नावं, खाली लोकरी मोजे, पोह्याचे पापड, बारीक कुंचले दोन. बाबांनी सरावाला एका फुटक्या मूर्तीवर कुंचला टेकवला आणि रेघ थेट कानापर्यंत घसरली. त्यांचा हात थरथरत होता. "माझं नाव खोड गो. धाकटीला काय सांगू नको," ते म्हणाले. मग त्यांनीच तिला फोन लावला. "सीझन हाय बाय, कारखाना टाकून कसा येऊ?" "व्हय, तुम्हाला मूर्तीच जवळच्या!" ती एवढ्या जोरात बोलली की आम्हालाही ऐकू आलं. बाबा नुसते हसले. आई त्यांना सोडून निघेना, म्हणून सगळ्यांचंच जाणं रद्द झालं. पुढच्या वर्षी बाबा वारले. बहीण आजही म्हणते, त्यांना माझ्याकडे यायचंच नव्हतं. तिला खरं कारण सांगायचं काम माझ्याकडून अजून झालेलं नाही.